सतरावा लॅपटॉप खोकला

“मेलेलं यंत्र लगेच उघडू नये, पत्या. आधी कानाला लावावं. मेलेलंसुद्धा काहीतरी सांगत असतं.”

हे वाक्य प्रताप साळुंख्यांनी एकतीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं, विट्याच्या एस.टी. स्टँडमागच्या एका पत्र्याच्या खोलीत. ऐकलं तसं पोटात ठेवलं होतं. कुणाला सांगायचं म्हटलं, तर त्या खोलीत आपण काय करत होतो हेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. शिवाय आता त्यांना पत्या म्हणणारं पृथ्वीच्या पाठीवर कुणी उरलं नव्हतं. रेगेन्सबर्गच्या मोटार कारखान्यात त्यांच्या हाताखाली अकरा जर्मन होते. बायको त्यांना ‘अहो’ म्हणायची, सासूबाई ‘प्रतापराव’ म्हणायच्या, तळमजल्यावरचे हेर विमर, म्हणजे श्रीयुत विमर, ‘हेर सालुंकी’ म्हणायचे. ज्या माणसानं बारा वर्षांत एकदाही काचेची बाटली कागदाच्या डब्यात टाकली नाही, त्याला पत्या कोण म्हणेल?

घरात मात्र जुलैपासून एक व्यक्ती त्यांना काहीच म्हणत नव्हती. ती त्यांची मुलगी, मुक्ता.

जुलैच्या शेवटी शाळेचा निकाल आला. मुक्ता नववीत नापास. गणित आणि लॅटिन, दोन्ही विषय. वर्ष पुन्हा करायचं. प्रतापरावांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि भाताची वाफ अजून निवली नव्हती तेवढ्यात टेबलावर एक वाक्य ठेवलं. “आपल्या घरात आजवर कुणी नापास झालेलं नाही.”

मुक्तानं ताट उचललं, सिंकमध्ये ठेवलं, आणि त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं ‘जा’ आणि ‘नाइन’, म्हणजे होय आणि नाही, एवढ्या दोन जर्मन शब्दांवर आलं. मराठी तिला सगळी कळायची. उत्तर ती आधीही जर्मनमध्येच द्यायची. पण आधीची उत्तरं लांबलचक असायची, त्यांत बापाच्या उच्चारांची नक्कल असायची, फाटे असायचे. आता होय किंवा नाही. फॉर्मवर खूण करावी तसं.

सप्टेंबरात तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मंडळातल्या कपिलनं हातात मोदक घेऊन सहज विचारलं, “काय प्रतापराव, मुक्ता आता दहावीत ना?”

प्रतापरावांच्या तोंडात खोबरं होतं. ते त्यांनी गिळलं आणि म्हणाले, “कपिल, आपण इथल्या समाजासाठी काहीतरी करायला हवं.”

एवढ्यावरून सगळं सुरू झालं.

त्या क्षणी त्यांच्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. पण मराठी माणसांच्या घोळक्यात असलं वाक्य टाकून पळून जाता येत नाही. आरतीचं ताट फिरून येईपर्यंत समिती झाली होती आणि प्रतापराव तिचे अध्यक्ष होते. हृषिकेश हा पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, वय अठ्ठावीस, लग्न व्हायचं, म्हणून आपोआप सगळ्या समित्यांचा सचिव. त्यानं फोनवर शोधून काढलं की रुळांपलीकडे एक कार्यशाळा आहे. शाळा सुटलेली, घर तुटलेलं, पोलिसांशी ओळख झालेली अशी पोरंपोरी तिथं येतात. त्यांना कॉम्प्युटर शिकवायचं ठरलंय. मास्तर आहेत, खुर्च्या आहेत, कॉम्प्युटर तेवढे नाहीत.

“घराघरातले जुने लॅपटॉप गोळा करू,” हृषिकेश म्हणाला.

“बिचारी मुलं,” प्रतापराव घरी आल्यावर म्हणाले. “नापास झालेली, वाया जायच्या काठावर आलेली. कुणीतरी हात द्यायला हवा.”

मुक्ता सोफ्यावरून उठून खोलीत गेली. तिनं दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं ते अगदी हळू लावलं.

*

ऑक्टोबर सरता सरता सोळा लॅपटॉप जमले. सतरावा प्रतापरावांचा स्वतःचा, जर्मनीत आल्या आल्या घेतलेला, विटेसारखा जड.

आणि इथं आपली जुनी खोड आडवी आली. आपल्याकडे देवळाला पंखा दिला की पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव रंगवतात. पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही हा भाग वेगळा. बाकावर नाव, फरशीवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. तेही देणाऱ्याचं नाही. ‘कैलासवासी अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ.’ जिवंत माणूस लाजतो आणि मेलेल्याला पुढं करतो. सोळा घरांनी सोळा नावं धाडली. कुणाची आई, कुणाचे आजोबा, कुणाचा ऐन विशीत गेलेला भाऊ.

“अहो, आपला तुमच्या बाबांच्या नावे देऊ,” बायको, शोभना, म्हणाली. “मुख्याध्यापक होते. शिक्षणाचंच काम आहे, शोभून दिसेल.”

“हो,” प्रतापराव म्हणाले, आणि खोकले. गारठा पडायला लागला होता. घरात सगळ्यांनी हळदीचं दूध सुचवलं.

नावं घालायची कशी? पहिला सल्ला तळमजल्यावरून आला. हेर विमर निवृत्त होते, आणि निवृत्त झाल्यापासून ते इमारतीत पूर्णवेळ काम करत होते. त्यांच्याकडे कोरायचं यंत्र होतं. ते प्रतापरावांनी मागितलं. त्यांनी ते दाखवलं, कसं धरायचं ते समजावलं, पुन्हा पेटीत ठेवलं आणि म्हणाले, “लॅपटॉपवर कोरू नका, हेर सालुंकी. आत बॅटरी असते. इमारत पेटेल. आणि तीही दुपारी एक ते तीनमध्ये पेटली तर मला ते मुळीच चालणार नाही.”

मग चिकटपट्ट्या छापून आणल्या. त्या घेऊन प्रतापराव कार्यशाळेत गेले. तिथल्या प्रमुख फ्राउ आयग्नर, म्हणजे आयग्नरबाई, हिरव्या काड्यांचा चष्मा, हसऱ्या पण कागदाशी एकनिष्ठ.

“नावं? आल्झो, डाटेनशुट्स!” त्या म्हणाल्या. माणसाची माहिती चव्हाट्यावर येऊ नये म्हणून केलेला हा कायदा. या शब्दापुढं जर्मनीत भलेभले चपला काढतात. “या सगळ्या लोकांची लेखी संमती लागेल.”

“ते कैलासवासी आहेत.”

“हे गाव कुठं आलं?”

“म्हणजे ते वारले आहेत. सगळे.”

फ्राउ आयग्नरनी चष्मा काढला. एक फाइल उघडली, मिटली, दुसरी उघडली. मग त्यांचा चेहरा उजळला. “गेनाऊ! अगदी बरोबर! मग काहीच अडचण नाही. मृतांना डाटेनशुट्स लागू होत नाही. पण यंत्राच्या बाहेर फक्त आमचा नंबर लागेल. आत तुम्हाला काय करायचं ते करा.”

आत काय करायचं ते करा. परतताना बसमध्ये हे वाक्य प्रतापरावांच्या कानात फिरत राहिलं. डोनाउ नदीवरून धुकं उठलं होतं आणि पुलाचे खांब एकेक करून गिळत होतं. कबरस्तानाच्या भिंतीमागं लाल काचांतले दिवे रांगेनं मिणमिणत होते. मृतांचा सण दोन दिवसांवर आला होता. इथल्या मेलेल्यांना दिवे, आपल्या मेलेल्यांना पंखे, असा एक विचार त्यांच्या मनात आला.

“आवाज!” हृषिकेशनं तोड काढली. “लॅपटॉप सुरू झाला की तो स्वतःच नाव सांगेल. बाहेर काही लिहायलाच नको. तुम्ही रेकॉर्ड करा दादा, तुमचा आवाज भारदस्त आहे.”

आवाज भारदस्त आहे असं सांगितल्यावर कुठला अध्यक्ष नाही म्हणेल?

*

सतरा लॅपटॉप घरात मावेनात, म्हणून ते खाली केलरमध्ये होते. केलर म्हणजे तळघर. प्रत्येक घराला लाकडी पट्ट्यांचा एकेक पिंजरा, त्यात हिवाळी टायर, बटाटे, तुटलेली घसरगाडी. दिवा तीन मिनिटांनी आपला आपण विझतो. शनिवारी दुपारी तिथं एका उलट्या बादलीवर बसून प्रतापराव माईकसमोर घसा साफ करत होते.

“दादा, आधी काहीतरी बोला. टेस्टिंग.”

प्रतापराव काहीतरी बोलले. तेवढ्यात दिवा विझला. हृषिकेश चाचपडत बटणापर्यंत गेला आणि आला. काय बोललो ते प्रतापरावांना नंतर काही केल्या आठवेना.

मग त्यांनी यादी हातात घेतली. पहिलं नाव वाचलं, आणि त्यांचा आवाज पालटला. कारखान्यातल्या मीटिंगमधला तो आवाज नव्हता. लांबवर जाणारा, शेवटच्या अक्षराला हेलकावा देणारा, माळावर वाऱ्याच्या उलट बोलावं तसा आवाज होता. जत्रेत कर्ण्यावरून दात्यांची नावं पुकारतात ना, “कैलाssसवासी… यांच्या स्मरणाssर्थ… स्टीलची समई एssक,” अगदी तसा. नावामागून नाव येत गेलं. पिंजऱ्यांच्या पट्ट्यांवर आपटून परत येत गेलं.

हृषिकेशनं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. “दादा, हे कुठं शिकलात?”

“कुठं म्हणजे? येतं,” प्रतापराव म्हणाले.

त्या भरात एक घोटाळा झाला. कपिलनं दिलेलं नाव त्याच्या वामनकाकांचं होतं, आणि वामनकाका सांगलीत जिवंत होते. पंधरा कैलासवासींच्या वेगात सोळावेही कैलासवासी झाले. कपिलनं ते घरी ऐकवलं आणि व्हायचं तेच झालं, रविवारी सांगलीहून फोन.

“प्रतापराव, मला वारलेला केलात म्हणे.”

“काका, चूक झाली, लगेच बदलतो.”

“थांबा. मला ऐकवा आधी.”

प्रतापरावांनी ऐकवलं.

“आवाज छान लागलाय,” वामनकाका म्हणाले. “असू द्या. पुढं लागेलच.” आणि फोन ठेवला.

*

मंगळवारी प्रतापराव घरून काम करत होते. दुपारी सव्वा वाजता दाराची बेल वाजली. दारात हेर विमर, हातात इमारतीच्या नियमांचा कागद, चेहरा मैद्यासारखा.

“हेर सालुंकी. तळघरात लोक बोलतायत.”

“कोण लोक?”

“ते मला माहीत नाही. मी कबरस्तानातून येतोय, बायकोला दिवा लावून. बटाटे घ्यायला खाली गेलो तर…” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “एक ते तीन शांतता. सर्वांसाठी. यात कुणालाही सूट नाही.”

दोघं खाली उतरले. पायऱ्यांवर ओल्या मातीचा वास होता. तळाशी पोहोचतात तोच दिवा विझला आणि पिंजऱ्यात निळसर उजेडाची एक रांग उगवली. लॅपटॉपांचं अपडेट चालू होतं. ते आपले आपण बंद होत होते, आपले आपण जागे होत होते, आणि जागा होईल तो बोलत होता. “कैलाssसवासी…” एक थांबला की दुसरा. आई, आजोबा, विशीतला भाऊ, सांगलीचे वामनकाका. हेर विमरनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

“कोण आहेत हे?”

“आमचे मृत,” प्रतापराव हळूच म्हणाले.

“अच्छा,” अशा अर्थाचं काहीतरी हेर विमर पुटपुटले, आणि मग आणखी हळू: “त्यांना एक ते तीनचं सांगाल का, प्लीज?”

शेवटी सतरावा जागा झाला. त्याचा पंखा घरघरला. आतून कुणीतरी खोकलं. कोरडा, तंबाखूचा, दोन पायऱ्यांचा खोकला. मग एक जुना, खरबरीत आवाज म्हणाला:

“हॅलो… हॅलो… पत्या, वायर धर.”

प्रतापरावांनी जे हाती लागलं ते धरलं. तो हेर विमर यांचा हात होता. दोघांनीही तो बराच वेळ सोडला नाही.

*

“फाइलला नाव तुमच्या बाबांचंच आहे,” हृषिकेश लॅपटॉप तपासून म्हणाला. “आत मात्र टेस्टिंगचा आवाज गेलाय. स्पीकर जुना, म्हणून घोगरा येतोय. एवढंच आहे.” मग त्यानं डोकं खाजवलं. “पण दादा, टेस्टिंगला तुम्ही नुसतं हॅलो हॅलो म्हणालात. निदान दिवा जाईपर्यंत तरी. पत्या कोण?”

“कुणी नाही. नवीन रेकॉर्ड कर.”

नवीन केलं. कैलासवासी दामोदर साळुंखे, मुख्याध्यापक. वाजवून पाहिलं, ठणठणीत. दुसऱ्या दिवशी सुरू केला, तर खोकला आणि “पत्या, वायर धर.” तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्या दिवशी तेच. हृषिकेशनं चार इंग्रजी शब्दांत कारण समजावलं, पण समजावताना तो लॅपटॉपपासून हातभर लांब उभा होता.

प्रतापरावांचा घसा आता दिवसरात्र खवखवत होता. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या सासूबाई, प्रभाबाई, खिडकीशी पालक निवडत बसायच्या आणि हाताच्या लयीत मनानंच ओव्या रचून गुणगुणायच्या. बाहेर धुक्यानं समोरची इमारत पुसली होती. त्या दिवशी त्यांच्या ओठांवर आलं,

“नाव घेतलं गं ज्याचं, त्याची सावली दारात
नाव गिळलं गं ज्याचं, त्याचा खोकला घरात.”

“आई, दुसरं काही म्हणा ना,” प्रतापराव म्हणाले.

“मी कुठं म्हणते? आपोआप येतं,” प्रभाबाईंनी देठ मोडला. “प्रतापराव, परवा हृषिकेशनं तो लॅपटॉप वर आणला होता ना, त्यातला खोकला मी ऐकला. कुठंतरी आधी ऐकलाय हो. मोठ्यानं. पुष्कळ माणसांत.”

“सगळे खोकले सारखेच असतात.”

“नसतात हो,” प्रभाबाई म्हणाल्या. “माणूस विसरतं, पण खोकला ओळखू येतो.”

प्रतापरावांनी ठरवलं, सतरावा लॅपटॉप द्यायचाच नाही. बिघडलाय म्हणायचं. पण ते कारखान्यातून परतेपर्यंत कार्यशाळेची गाडी येऊन गेली होती. ठरलेल्या दिवसाच्या एक दिवस आधी! जर्मनीत बारा वर्षांत असं घडलं नव्हतं. चावी हेर विमरनी दिली होती, आणि सतराच्या सतरा मृत त्यांनी स्वतः उचलून गाडीत ठेवले होते, सांभाळून, नाताळची काचेची खेळणी ठेवावीत तसे.

“परत?” दोन दिवसांनी प्रतापराव तो मागायला कार्यशाळेत गेले तेव्हा फ्राउ आयग्नर म्हणाल्या. “नंबर पडला. आता ज्या मुलीला तो मिळालाय तिची सही लागेल. यास्मीना!”

यास्मीना सतरा वर्षांची, डोक्याची एक बाजू तासलेली, तीन शाळांतून निघालेली. तिनं लॅपटॉप पोटाशी धरला.

“नाइन. हा माझ्याशी बोलतो.”

“तो बिघडलाय.”

“बिघडलेलं मला चालतं,” ती म्हणाली. “काल मी त्याचा पंखा उघडून साफ केला. आधी कान लावून ऐकलं, कुठं घासतंय ते.”

“हे तुला कुणी सांगितलं? कान लावायचं?”

“कुणी कशाला सांगायला हवं?” तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की अध्यक्षांनी सहीचा फॉर्म घडी करून खिशात घातला.

*

उद्घाटन शुक्रवारी दुपारी चारला होतं. नोव्हेंबरातले चार म्हणजे दिवेलागण. मंडळाची सोळा घरं आली होती, समोसे आले होते, ठेवणीतल्या साड्यांवर जाड कोट होते. हेर विमरही आले होते, काळा टाय लावून. मुक्ताला शोभनानं ओढून आणलं होतं. ती सर्वांत मागं, भिंतीला पाठ लावून उभी होती. प्रतापरावांच्या खिशात भाषण होतं. त्यात ‘वाया जाणारी पिढी’ हे शब्द तीनदा होते.

फ्राउ आयग्नर म्हणाल्या, आधी यंत्रं सुरू करू. सतरा पोरापोरींनी सतरा बटणं दाबली.

“कैलाssसवासी सुमती…” पहिला लॅपटॉप म्हणाला, आणि तिसऱ्या रांगेतला एक माणूस उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. आईचं नाव ऐकलं आणि पाय आपोआप उठले. मग दुसरं नाव, दुसरं कुणीतरी उभं. विशीतल्या भावाच्या नावाला एक बाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. पोरंपोरी वळून वळून पाहत होती, नाव आपल्यापुढल्या डब्यातून येतंय आणि माणूस तिकडे उभं राहतंय. कुणी हसलं नाही. वामनकाकांच्या नावाला कपिल अर्धवट उठला, आणि काका जिवंत आहेत हे आठवून, उठू की बसू अशा अवस्थेत अधांतरी राहिला.

मग सतरावा. सगळ्यांनी माना प्रतापरावांकडे वळवल्या. मुख्याध्यापकांचं नाव येणार होतं.

घरघर. खोकला.

“हॅलो… हॅलो… पत्या, वायर धर.”

खोलीत एवढी शांतता झाली की हेर विमरनी घड्याळ पाहिलं.

“रोज हेच म्हणतो,” यास्मीना जर्मनमध्ये म्हणाली. “तुमच्यापैकी कुणी सांगेल का, काय म्हणतो ते? मला रोज वाटतं, कुणीतरी उत्तर द्यायला हवं.”

मंडळात सगळ्यांना मराठी येत होती आणि सगळे समोशांकडे पाहत होते. तेव्हा मागून, भिंतीपासून, मुक्ताचा आवाज आला. तीही जर्मनमध्येच बोलली. “तो म्हणतो, पत्या, वायर धर.”

“पत्या कोण?”

मुक्तानं खांदे उडवले. पण तिची नजर फिरत फिरत बापाच्या चेहऱ्याशी येऊन थांबली.

“अगं बाई!” प्रभाबाईंनी मांडीवर हात मारला. “मंगलाष्टकांतला खोकला! शोभना, तुझ्या लग्नात, ‘शुभमंगल’ म्हणायच्या नेमक्या आधी कर्ण्यातून कोण खोकलं होतं? मी प्रतापरावांना विचारलंसुद्धा, कोण हो हे. तर म्हणाले, कुणी नाही, माईकवाला आहे.”

प्रतापरावांनी खिशातलं भाषण काढलं. उघडलं. पुन्हा मिटलं. त्यांचा घसा खवखवत होता, पण खोकला येत नव्हता. तो जणू त्या लॅपटॉपकडे गेला होता.

“यशवंत,” ते म्हणाले. “यशवंत रेडिओ हाऊस, विटा.”

हे नाव त्यांनी जर्मनीत पहिल्यांदा उच्चारलं होतं. पुढचं ते जर्मनमध्ये बोलले, आणि जर्मन संपलं तिथं मराठीत. यशवंतमामा रेडिओ दुरुस्त करायचे आणि जत्रेत कर्ण्यावर नावं पुकारायचे. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत एक मुलगा झोपायचा. दिवसा तो यंत्रं उघडायला शिकायचा आणि जत्रेत माईकची वायर धरायचा. घरातून निघून आलेला होता.

“का निघाला?” यास्मीनानं विचारलं.

“त्याच्या वडिलांनी, मुख्याध्यापकांनी, जेवताना त्याला एक वाक्य ऐकवलं होतं.” प्रतापरावांनी मागं, भिंतीकडे पाहिलं. “‘आपल्या घरात आजवर कुणी नापास झालेलं नाही.’ तो दहावीत नापास झाला होता, मुक्ता. वडिलांच्याच शाळेत.”

शोभनाचा हात समोशाच्या डब्यावर तसाच राहिला.

“परीक्षेचा पुढचा फॉर्म मामांनी भरला. डिप्लोमाचाही. लग्नात त्यांनी फुकट माईक लावला, आणि मी त्यांना माईकवाला म्हणालो. ते तिथंच ऐकत उभे होते. वारले, तेव्हा मी इथं होतो. सुट्टी मागितलीच नाही. कोण वारलं म्हणून काय सांगणार होतो?”

“पण वायर धरली का?” यास्मीना म्हणाली. तिला तेवढंच हवं होतं.

“धरली. दोन वर्षं धरली.”

यास्मीनानं मान हलवली आणि लॅपटॉपकडे वळून, लहान पोराला सांगावं तसं, “धरली होती,” असं जर्मनमध्ये सांगितलं.

लोक हलले, कुणीतरी नाक शिंकरलं, फ्राउ आयग्नर कसलातरी फॉर्म शोधू लागल्या. मुक्ता भिंत सोडून खुर्च्यांमधून पुढं आली. बापासमोर उभी राहिली. गेल्या साडेतीन महिन्यांत तिनं त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

“वी ओफ्ट?” ती म्हणाली. किती वेळा नापास?

प्रतापरावांनी सासूबाईंकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, कपिलकडे पाहिलं, जो अजून अधांतरीच होता. एवढं सगळं सांगून झालंच होतं. एखादा आकडा झाकून ठेवला तर कुणाचं काय जाणार होतं?

“एक…” त्यांनी सुरुवात केली.

यास्मीनानं बटणाला हात लावलेला नव्हता. पण सतरावा लॅपटॉप खोकला.

“दोनदा,” प्रतापराव म्हणाले. “दोनदा, मुक्ता.”